कुडाची भिंत, काँक्रीटची खोली

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रस्त्याने जाताना मान वर केली, की कारखान्यांतले वाफेचे पाइप दिसतात. उघडा पाइप क्वचितच. बहुतेकांभोवती दोन-तीन इंच जाडीची रॉकवूल गुंडाळलेली, तिच्यावर जाळी, आणि सगळ्यात वर ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट मारून बसवलेला. पत्र्याचा जोड वरच्या बाजूला येऊ देत नाहीत, खाली घेतात. पावसाचं पाणी आत शिरलं तर लोकर भिजते, आणि भिजलेली लोकर उष्णता अडवत नाही. शीतगृहांच्या भिंती पफ पॅनलच्या: दोन पत्रे आणि मध्ये घट्ट फोम. बांधकामाच्या जागेवर साहेबांसाठी उभी केलेली पोर्टा केबिनसुद्धा अशाच पॅनलची असते. उष्णता कुठून निसटते, ओल कुठून शिरते, कोणत्या थराच्या आधी कोणता थर यायला हवा, हे सगळं ज्ञान बोईसर-तारापूरच्या फिटरला, फॅब्रिकेटरला, ठेकेदाराला तोंडपाठ आहे.

पाळी संपली की हाच फिटर घरी जातो. पास्थळ, सालवड, कुरगाव, बेटेगाव या बोईसरभोवतीच्या गावांत भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत. चार इंची विटांची किंवा सिमेंट ब्लॉकची भिंत, आतून गिलावा, बाहेरून कधी आहे कधी नाही. वर पत्रा, आणि पत्र्याखाली काहीच नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी त्या पत्र्याखाली बसवत नाही. जून लागला की भिंतीच्या तळाशी ओल चढते, ऑगस्टपर्यंत गिलाव्याला पापुद्रे सुटतात आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. वाफेच्या पाइपाला आपण जे दिलं, ते माणसाच्या भिंतीला दिलं नाही. पाइपातून वाया जाणाऱ्या उष्णतेचा हिशेब कोळशाच्या आणि गॅसच्या बिलात दिसतो. रात्रभर न लागलेल्या झोपेचा हिशेब कुठल्याच बिलात येत नाही.

मला इथे जे म्हणायचं आहे ते साधं आहे. भिंतीला एक सांगाडा असावा, सांगाड्याने भार घ्यावा, मधल्या भरावाने ऊन-वारा अडवावा आणि ओलीला बाहेर जायची वाट असावी, ही समज पालघर जिल्ह्याला कुणी बाहेरून आणून द्यायची गरज नाही. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हारच्या पाड्यांवर ती कुडाच्या रूपाने उभी होती, काही ठिकाणी अजून आहे. ती आपण गरिबीची खूण समजून मोडत आलो, आणि तिच्या जागी जी भिंत उभी केली ती इथल्या हवेला मानवणारी नाही.

कूड कसा घालतात ते आधी नीट पाहू. ज्यांनी तो पाहिला आहे तेसुद्धा बहुधा त्यावरचं वारली चित्र पाहतात.

घराचे खांब आधी उभे राहतात. सागाचे, ऐनाचे, खैराचे, जे रानात मिळेल त्याचे; हात-दीड हात जमिनीत पुरलेले. वरच्या टोकाला दुबेळकं असतं. त्या दुबेळक्यात आढं बसतं, आढ्यावरून दोन्ही बाजूंना वासे उतरतात, वाशांवर कामट्या आणि त्यावर पेंढा, गवत किंवा कौलं. या टप्प्यावर घराला छप्पर आहे आणि भिंत एकही नाही. छपराचा सगळा भार खांबांवर गेलेला आहे. भिंत नंतर येते, आणि ती कुणाचाही भार घेत नाही. आज बहुमजली इमारतीत काँक्रीटचे कॉलम आधी चढतात आणि विटांच्या भिंती मागाहून भरतात, त्यातलं तत्त्व हेच आहे.

भिंतीसाठी कारवी लागते. सह्याद्रीच्या उतारांवर दाट वाढणारं हे झुडूप सात-आठ वर्षांतून एकदा फुलतं. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ते २०१६ साली फुललं, नंतर २०२४ साली. एकदा फुलून बी धरलं की ती सगळी पिढी वाळते आणि खाली नवी रोपं उगवतात. वाळलेली काठी सरळ, हलकी, अंगठ्याएवढी जाड. या काठ्या दोन खांबांच्या मध्ये उभ्या, एकीला एक लावून रचतात. आतून आणि बाहेरून बांबूच्या आडव्या कांबी येतात, आणि कांबी व काठ्या वेलींनी, सालीच्या बंदांनी किंवा हल्ली तारेने आवळतात. खिळा लागत नाही.

मग लिंपण. चाळलेली माती, शेण, भाताचं तूस किंवा बारीक तोडलेला पेंढा एकत्र करून पायांनी मळतात आणि मुरू देतात. पहिला हात जाड असतो. तो काठ्यांच्या फटींत बोटांनी दाबून भरतात, आतून आणि बाहेरून, म्हणजे दोन्हीकडची माती मध्ये एकमेकींना धरते. वाळताना हा थर तडकतो. तडकू द्यायचा असतो. दुसरा, पातळ हात त्या भेगा बुजवतो. तूस आणि शेणातले तंतू माती सुटू देत नाहीत. काही घरांत भिंतीचा वरचा हात-दीड हात भाग लिंपतच नाहीत, काठ्या उघड्या ठेवतात. चुलीचा धूर तिथून जातो आणि वारा तिथून येतो. बाहेर ओटा, ओट्यावर पडवी, आणि वळचण इतकी खाली की घरात शिरताना वाकावं लागतं. पश्चिमेची भिंत पावसाळ्यात झापांनी किंवा ताडपत्रीने झाकतात, कारण तिकडून झड येते.

या भिंतीला गेरू लावून त्यावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रं कागदावर आणि कापडावर आणली, जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रं आज विमानतळांवर आणि मंत्रालयांच्या भिंतींवर आहेत. ज्या भिंतीवर ती जन्मली, त्या भिंतीच्या बांधणीकडे तितक्या प्रेमाने कुणी पाहिलं नाही, याची मला खंत वाटते.

आता हवेची गोष्ट. पालघर, बोईसर, डहाणूचा किनारी पट्टा उष्ण-दमट प्रदेशात मोडतो. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि उन्हाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक नाही. हा दुसरा मुद्दा महत्त्वाचा आहे. राजस्थानात किंवा आपल्या मराठवाड्यात रात्र गार होते. तिथे दोन-अडीच फूट जाडीची दगडमातीची भिंत दिवसा ऊन पिते आणि रात्री गार हवेत ते सोडून देते. म्हणून तिथे जड भिंत शहाणपणाची. किनाऱ्यावर रात्रही उबदार आणि घामेजलेली. जड भिंतीने आणि स्लॅबने दिवसभर साठवलेली उष्णता नेमकी झोपायच्या वेळी आत सोडली जाते. रात्री दहाला स्लॅबच्या खालच्या बाजूला हात लावला तर ती गरम लागते. उष्ण-दमट हवेत हलकी भिंत, जाड छप्पर, खोल वळचण आणि खेळता वारा हवा. कुडाचं घर नेमकं असं आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण मातीच्या घराविषयी भाबडेपणाने खूप लिहिलं जातं. दोन-तीन इंचांची मातीची भिंत उष्णता अडवण्यात फार मोठी नाही. तेवढ्याच जाडीच्या काँक्रीटपेक्षा बरी, विटेपेक्षा थोडी बरी, इतकंच. घर गार राहतं याचं मोठं श्रेय पेंढ्याच्या छपराला आहे. पेंढ्याच्या नळ्यांत आणि नळ्यांमध्ये हवा अडकून राहते, आणि अडकलेल्या हवेइतकं उष्णतेला अडवणारं साधं काही नाही. थर्माकोल, रॉकवूल, पफ ही सगळी शेवटी हवा किंवा वायू बारीक कप्प्यांत कोंडून ठेवण्याची साधनं आहेत. तेवढ्याच जाडीच्या काँक्रीटमधून जितकी उष्णता जाते, त्याच्या चाळिसाव्या हिश्शाएवढीच थर्माकोलमधून जाते. दुसरं श्रेय वळचणीला, कारण भिंतीवर ऊन पडूच दिलं नाही तर भिंत तापणार कशी? भिंतीचं खरं काम ओलीशी आहे. माती हवेतला दमटपणा शोषते आणि हवा कोरडी झाली की सोडते. तिच्यावर चुन्याचा किंवा शेणाचा हात असेल तर तिला श्वास घेता येतो.

सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट लावलेल्या भिंतीचं वागणं वेगळं असतं. काँक्रीट आणि वीट दिसतात घट्ट, पण दोन्हींत केसाहून बारीक वाटा असतात. जमिनीतलं पाणी त्या वाटांनी वर चढतं. जोत्यावर डीपीसीचा, म्हणजे ओल अडवणारा थर नीट नसेल तर ते भिंतीत शिरतं. ऑइलपेंटमुळे त्याला बाहेर पडता येत नाही, मग ते रंगाच्या मागे साठतं, फुगे येतात, लोणा फुटतो, पापुद्रे पडतात. दर दिवाळीला आपण ते खरवडून पुन्हा रंग देतो. सातपाटी, चिंचणी, तारापूरसारख्या समुद्रकाठच्या गावांत हवेतलं मीठ याच वाटांनी सळईपर्यंत पोचतं. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटचा ढलपा पडतो. वीस-पंचवीस वर्षांच्या इमारतींच्या छज्जांना उघड्या पडलेल्या सळया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

कुडाचे दोष मी लपवणार नाही. जमिनीत पुरलेला खांब बुडाशी कुजतो. वाळवी लागते. उंदीर पोखरतात, त्यांच्यामागे साप येतो. छपराचं गवत दोन-तीन वर्षांनी बदलावं लागतं आणि आता गवत सहज मिळत नाही. आग लागली तर काही उरत नाही. दर वर्षी पावसाआधी आणि पावसानंतर लिंपण-सारवण करावं लागतं, आणि ते काम घरातल्या बायकांच्याच अंगावर पडतं. ज्या बाईने वीस वर्षं हे केलं तिने सिमेंटचं घर मागितलं, तर ती बरोबरच मागते आहे. माझं म्हणणं तिच्या विरुद्ध नाही. तिला मिळालेल्या सिमेंटच्या घरात दुपारी बसता का येत नाही, हा माझा प्रश्न आहे.

नोव्हेंबर २०१८ पासून या प्रश्नाला आणखी एक बाजू आली. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के सुरू झाले. एक मोठा धक्का आणि मागून लहान, असं हे नव्हतं. लहान-मध्यम धक्क्यांची न संपणारी मालिकाच होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये चार रिश्टरच्या आसपासचे धक्के बसले. प्रशासनाने तंबू दिले, लोक ऐन थंडीत बाहेर झोपले, शाळा उघड्यावर भरल्या. घाबरून धावताना पडून एका लहान मुलीचा जीव गेला. जुलै २०१९ मध्ये रात्री घराची भिंत पडून एक माणूस दगावला. सप्टेंबर २०२० मध्येही जमीन हललीच.

चार रिश्टरचा धक्का चांगल्या बांधलेल्या घराला काही करत नाही. पण आपल्याकडच्या विटांच्या घरांत बहुधा सांगाडा नसतो. भिंतीच छप्पर पेलतात. जोत्याला, खिडकीच्या वर आणि छपराखाली काँक्रीटचा सलग पट्टा फिरवला तर चारही भिंती एकमेकींना बांधल्या जातात. भारतीय मानकांत हा पट्टा कित्येक वर्षांपासून सांगितला आहे. लहान घरांत पैसे वाचवायला नेमका तोच गाळतात. मग धक्का बसला की भिंती कोपऱ्यात एकमेकींपासून सुटतात. नऊ इंची विटांच्या एका चौरस मीटर भिंतीचं वजन गिलाव्यासकट साडेचारशे किलोच्या पुढे जातं. कुडाच्या तेवढ्याच भिंतीचं फार तर शंभर किलो. ती वाकते, तडकते, माती गळते, पण काठ्या आणि बंद तिला धरून ठेवतात, आणि छप्पर तर तिच्यावर नसतंच.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली, ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि मातीच्या जड माळवदाखाली. त्याच गावांत जिथे लाकडी खणांनी छप्पर पेललं होतं, तिथे काही घरांत भिंती पडल्या तरी छप्पर वर राहिलं आणि खालची माणसं वाचली. १२ जून १८९७ च्या मोठ्या भूकंपानंतर आसामात एक घर रूढ झालं. खिडकीच्या तळापर्यंत विटांची भिंत, वर लाकडी सांगाडा, त्यात इकरा नावाच्या बोरूचा भराव, दोन्ही बाजूंनी गिलावा आणि वर हलकं छप्पर. साहेबांचे बंगले, शाळा, कचेऱ्या, सगळं त्या पद्धतीने बांधलं गेलं आणि त्याला ‘आसाम टाइप’ हे मानाचं नाव मिळालं. काश्मिरातली धज्जी-देवारी याच जातीची. २००५ च्या भूकंपात तिचा निभाव बरा लागला. १९९१ साली कोस्टारिकात भूकंप झाला तेव्हा केंद्राजवळची बांबूची नवी घरं जवळजवळ जशीच्या तशी उभी राहिली. इकऱ्याची भिंत आणि कारवीची भिंत यांत बांधणीचा फरक फार थोडा आहे. खालच्या विटांच्या जोत्याचा आणि सरकारी मान्यतेचा फरक मात्र मोठा आहे.

मान्यतेचा हा मुद्दा कागदावरचा असला तरी त्याने पाडेच्या पाडे बदलले. सरकारी मोजणीत बांबू, माती, गवत यांच्या भिंतींचं घर कच्चं. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ साली आली. तिच्यात सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात, घर किमान २५ चौरस मीटरचं आणि तीस वर्षं टिकणारं हवं. राज्याची आदिवासींसाठी शबरी घरकुल योजना आहे. कातकऱ्यांसारख्या अति असुरक्षित जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये जनमन योजना आली, तिच्यात घराला दोन लाख रुपये आहेत. या योजना नसत्या तर हजारो कुटुंबं आजही गळक्या छपराखाली असती, हे मान्य करूनच पुढचं लिहितो.

एवढ्या रकमेत घर बसवायचं तर गवंडी जे करतो ते ठरलेलं आहे: विटांची भिंत, वर पत्रा किंवा पातळ स्लॅब, एक दार, एक-दोन खिडक्या, छज्जा नाहीसा. रोखून ठेवलेला हप्ता मिळवायला फोटो काढायचा असतो, आणि फोटोत घर पक्कं दिसावं लागतं. वळचण फोटोत मोजत नाहीत. पट्टाही दिसत नाही. केंद्र सरकारने आयआयटी दिल्ली आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘पहल’ नावाचा ग्रामीण घरांच्या नमुन्यांचा संग्रह काढला आहे. त्यात प्रदेशाप्रदेशाच्या हवेला आणि सामानाला धरून आराखडे आहेत. म्हणजे वेगळं घर बांधायला नियमांची अडचण नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत बांबूच्या बांधकामाचा स्वतंत्र भाग आहे. २०१७ साली कायदा बदलून रानाबाहेर वाढलेला बांबू ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळला, त्यामुळे तो तोडायला-न्यायला परवाना लागत नाही. वनहक्क कायद्याने बांबू आणि झुडपी लाकूड गौण वनोपजात धरलं आहे. सगळे धागे हाताशी आहेत. ते एकत्र बांधून पाड्यावर घर उभं करणारं कुणी नाही.

या धाग्यांत एक दुःखाचाही आहे. दिवाळी आटोपली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाड्याकडची आदिवासी कुटुंबं पोरंबाळं घेऊन वीटभट्ट्यांवर निघतात, वसई-भिवंडीपर्यंत. पावसापर्यंत तिथेच. दुसऱ्यांच्या भिंतींच्या लाखो विटा पाडणारी ही माणसं भट्टीवर कच्च्या विटा रचून, वर गवत-प्लास्टिक टाकून केलेल्या खोपटात राहतात. मागे गावी त्यांचं घरकुल बंद असतं, आणि परतल्यावर पहिल्या पावसात त्याची ओल काढायचं काम त्यांचीच वाट पाहत असतं.

या विषयावर बाहेरच्या जगाकडे पाहताना मला अमेरिका-कॅनडातल्या तळघरांची आठवण येते. तिकडे गेलेली मराठी कुटुंबं घर घेतात तेव्हा बहुधा खाली एक काँक्रीटचं मोकळं तळघर असतं. पाया गोठणाऱ्या जमिनीच्या खाली न्यावा लागतो, मग खणतच आहोत तर आणखी थोडं खणून खोली केली जाते. त्या नागड्या काँक्रीटला राहण्याजोगं करायचं हे तिथलं नेहमीचं घरकाम आहे. शहाणा माणूस आधी पाऊस पडताना भिंत बघतो आणि बाहेरचं पाणी आधी वळवतो. मग काँक्रीटला चिकटवून फोमचे तक्ते लावतो आणि त्यांचे जोड टेपने बंद करतो, म्हणजे घरातली उबदार दमट हवा थंड काँक्रीटपर्यंत पोचून तिथे पाणी होत नाही. त्याच्या पुढे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, सोळा-सोळा इंचांवर उभ्या पट्ट्या. जमिनीला टेकणारी पट्टी औषध पाजलेल्या लाकडाची, कारण काँक्रीट खालून ओल देतं. शेवटी जिप्सम बोर्ड. सांगाडा, भराव, वरचा हात, हा क्रम ओळखीचा आहे. आपल्याकडच्या कुडात तो कारवी, माती आणि गेरूने पुरा होतो.

पण तिकडचा क्रम इथे उचलून आणला तर उलटा पडतो, आणि बोईसरच्या नव्या फ्लॅटांत तो उलटा पडताना दिसतो. अमेरिका-कॅनडात दमट हवा आत आणि थंडी बाहेर. इथे पावसाळ्यात दमट हवा बाहेर आणि एसीची थंडी आत. ओल बाहेरून आत येते. ओलसर भिंतीवर आतून थर्माकोल आणि जिप्सम ठोकून वर प्लास्टिकसारखा वॉलपेपर लावला, की ओल मध्ये अडकते. दोन पावसाळ्यांत बोर्ड काळा पडतो आणि खोलीला कुबट वास येतो. पीओपीवाला सांगेल की भिंत झाकली म्हणजे ओल गेली. ती गेलेली नसते, नजरेआड झालेली असते. या हवेत भिंतीचं रक्षण बाहेरून करायला हवं. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून गिलावा, भेगा बुजवलेल्या, खिडकीवर दोन फुटांचा छज्जा. आत चुन्याचा किंवा श्वास घेऊ देणारा रंग. आतून थर लावायचाच असेल तर भिंत पुरी वाळल्यावर, आणि दोन्हींमध्ये पाणी साठणार नाही अशा बेताने.

डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने ‘इको निवास संहिता’ काढली. भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला तिने दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घातली. ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी आहे आणि राज्यांनी स्वीकारायची आहे. घरकुल आणि भाड्याच्या खोल्या तिच्या कक्षेत येत नाहीत. इथे येत्या काही वर्षांत प्रचंड काँक्रीट पडणार आहे: कोळगावचं जिल्हा मुख्यालय उभं राहिलं, बोईसरला बुलेट ट्रेनचं स्थानक होत आहे, वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. मोठ्या कामांना अभियंते आहेत. त्यांच्यामागून जे मजूर येतील ते पुन्हा पत्र्याच्या खोल्यांत राहतील, आणि त्या खोल्यांचा नियम कुणी केलेला नाही.

खरं तर थोड्या पैशांत पुष्कळ करता येतं. पत्र्याखाली दोन इंच थर्माकोल किंवा बांबूच्या चटईवर पेंढ्याचा थर, आणि पत्र्याला वरून पांढरा चुना, एवढ्याने दुपार बदलते. एएसी ब्लॉक, म्हणजे हवेचे फुगे भरलेली हलकी वीट, साध्या विटेच्या निम्म्याहून कमी वजनाची असते आणि काँक्रीटच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढीच उष्णता जाऊ देते. तिला औष्णिक वीज केंद्रांची राख लागते आणि डहाणूला तसं केंद्र आहे. घरकुलात दोन फूट उंच विटांचं जोतं, चार कोपऱ्यांना काँक्रीटचे खांब, वर सलग पट्टा आणि मधल्या भिंतीत बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात भिजवून कीड-वाळवीपासून वाचवलेला बांबू किंवा कारवी, दोन्ही बाजूंनी चुना-मातीचा हात. असं घर भूकंपाला, उन्हाला आणि ओलीला एकाच वेळी उत्तर देतं. खांब काँक्रीटचे असल्याने कुजणार नाहीत. लिंपणात चुना असल्याने ते दर वर्षी करावं लागणार नाही.

नमुना घरं बांधायची पद्धत आवास योजनेत आहेच. पालघर जिल्हा परिषदेने डहाणूत आणि बोईसरजवळ असं एक-एक घर बांधावं, त्यात एक उन्हाळा आणि एक पावसाळा तापमापक लावून ठेवावा आणि आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत. तारापूरच्या कारखानदारांनी कामगारांच्या खोल्यांना पत्र्याखालचा थर द्यावा. त्यांच्याकडे सामान आहे, माणसं आहेत, माहिती आहे. आणि ज्यांच्या हाती घरकुलाचा पहिला हप्ता आला असेल, त्यांनी जोतं घालण्याआधी गवंड्यापाशी तीन गोष्टींचा हट्ट धरावा: जोत्यावर डीपीसी, खिडकीच्या वर सलग पट्टा, पश्चिमेला खोल छज्जा. जोत्यावर भिंत चढल्यावर पहिली गोष्ट करता येत नाही, आणि स्लॅब पडल्यावर उरलेल्या दोन.